व्हिप असूनही आमदार-खासदार गायब कसे होतात?

‘व्हिप (सभागृहात हजर राहून कसं मत द्यायचं याचा पक्षाचा आदेश) निघालेला असतो, तरी सदस्य मतदानाला येत नाही आणि त्याचं काही बिघडत नाही, हे कसं?’ असा तुमचा प्रश्न आहे. मी बरीच वर्षं एका आमदारांचा पीए होतो, त्यातून जे कळलं ते सांगतो.

१९८५ साली आलेल्या राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात, व्हिपविरुद्ध मत देणं आणि मतच न देणं, दोन्हींना शिक्षा एकच: अपात्रता. पण त्याच कलमात सोयही आहे. पक्षाची आधी परवानगी असेल, किंवा पक्षाने १५ दिवसांत माफ केलं, तर आमदारकी शाबूत. त्यामुळे गैरहजेरीची सगळी बोलणी प्रतोदाकडे, म्हणजे पक्षातर्फे व्हिप बजावणाऱ्या सदस्याकडे, होतात. घरचं लग्न, अँजिओप्लास्टी, गावातलं मयत... बहुमत भक्कम असेल तर प्रतोद मान डोलावतो. काठावरचं असेल तर सलाइन लावलेला माणूसही विधान भवनात आणतात.

व्हिप मिळाल्याची सही घेण्यावर एवढा जोर का, तर पुढे ‘मला कागदच मिळाला नाही’ म्हणता येऊ नये म्हणून. आमदार निवासात एकदा आमच्या शेजारच्या खोलीचं दार कोणी उघडेना. प्रतोदांच्या माणसांनी कागद दाराला चिकटवला, मोबाइलवर फोटो काढला आणि गेले. आत टीव्ही चालू होता!

आता मोठा प्रकार: अख्ख्या पक्षानेच सभात्याग करायचा. ठराव हजर राहून मत देणाऱ्यांच्या बहुमताने ठरतो, त्यामुळे बाहेर गेलेला माणूस बहुमताचा आकडा खाली आणतो. डिसेंबर २०१२ मध्ये किरकोळ व्यापारातल्या एफडीआयवर (थेट परकीय गुंतवणुकीवर) लोकसभेत सपा आणि बसपा दोघांनीही भाषणात विरोध केला आणि मतदानाआधी उठून गेले. विरोधकांचा ठराव २१८ विरुद्ध २५३ असा पडला. पक्षच बाहेर गेला, तर व्हिप मोडला कुणी?

उशीर हा तिसरा प्रकार, आणि यात हेतू सिद्ध करणं महाकठीण. मतदानाची घंटा थांबली की सभागृहाची दारं बंद, मग कितीही मोठा नेता असो. ४ जुलै २०२२ ला शिंदे सरकारच्या विश्वासदर्शक ठरावाच्या वेळी अशोक चव्हाण आणि विजय वडेट्टीवार दारं बंद झाल्यावर पोहोचले. ठराव १६४ विरुद्ध ९९ असा मंजूर झाला. ते आत असते तरी निकाल तोच लागला असता, पण चर्चा मात्र कितीतरी दिवस चालली.

ब्रिटनमध्ये याहून सभ्य रीत आहे, ‘पेअरिंग’. एका बाजूचा सदस्य येऊ शकत नसेल तर दुसऱ्या बाजूचाही एक जण मत देत नाही. लेखी काही नाही, सगळं प्रतोदांच्या शब्दावर. मार्च १९७९ मध्ये पंतप्रधान कॅलहन यांच्या मजूर पक्षाच्या सरकारवर अविश्वास ठराव आला तेव्हा त्याच पक्षाचे खासदार आल्फ्रेड ब्रॉटन मरणासन्न होते. मजूर पक्षाच्या प्रतोदाने, वॉल्टर हॅरिसन यांनी, विरोधी उपप्रतोद बर्नार्ड वेदरिल यांच्याकडे जोडी मागितली. अविश्वास ठरावाला जोडी लावत नाहीत, तेव्हा दुसरा कुणी तयार होणार नव्हता. वेदरिल म्हणाले, मग मीच मत देत नाही. याने त्यांची राजकीय कारकीर्द संपेल हे ओळखून हॅरिसननी नकार दिला. सरकार ३१० विरुद्ध ३११, एका मताने पडलं.

आपल्याकडे ही पद्धत नाही. प्रतोदाने कागदावर ‘परवानगी’ लिहून दिली की आमचे साहेब तो कागद खिशात घालायचे, घडी करून, आधार कार्डामागे.