होम थिएटर चोवीस तास स्टँडबायवर, आग लागू शकते का?

प्रश्न: सर नमस्कार. आमचा अ‍ॅम्प्लिफायर बारा वर्षं जुना आहे, रिमोटने बंद केला तरी लाल लाईट चालूच आणि वरून हात लावला तर गरम लागतो. शेजारी पॉवरलूम आहेत त्यामुळे सुताची बारीक धूळ घरभर. मे महिन्यात आम्ही गावी जातो. बोर्डावरचं बटण बंद करू म्हटलं तर मुलगा म्हणतो मशीन खराब होईल. काय करू? (एक वाचक भगिनी, सोलापूर)

उत्तर: ताई, घाबरू नका, धडधाकट मशीन नुसतं स्टँडबायवर ठेवलं म्हणून सहसा पेटत नाही. पण जुनं मशीन, धूळ आणि घराला कुलूप, हे तिन्ही एकत्र आलं तर मी तरी ते चालू ठेवणार नाही.

रिमोटने बंद केलं तरी सिग्नल पकडायला आतला छोटा सप्लाय जागा असतो, म्हणजे २३० व्होल्ट आत येतच राहतात. नवीन मशीन त्यात अर्धा-एक वॅट खातं, जुनी काही बरंच जास्त, तीच ती उष्णता. ढोबळ हिशोब असा की तापमान १० अंशांनी वाढलं की आतल्या कपॅसिटरचं (वीज साठवणारा छोटा भाग) आयुष्य निम्मं होतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४२-४३ अंश, मग टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात काय होत असेल बघा. कपॅसिटर फुगतो, सोल्डरचा जोड सैल होऊन तापतो, ठिणगी उडते आणि तिथेच सुताची धूळ साचलेली असते, मला खरी काळजी तिचीच वाटते. शिवाय वळवाच्या वाऱ्यात लाईनचा न्यूट्रल (परतीची तार) तुटला तर घरात ४०० व्होल्टच्या आसपाससुद्धा येऊ शकतात, आणि स्टँडबायवरचं मशीन ते सगळं अंगावर घेतं.

एमसीबी (बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) आहे ना, असं बरेच जण म्हणतात. तो ओव्हरलोडला आणि शॉर्टला पडतो, आत धुमसणारा जोड एखादा अ‍ॅम्पिअरच ओढत असेल तर १६ अ‍ॅम्पिअरचा एमसीबी हलणारही नाही. तिथे मशीनमधला फ्यूज कामाचा, म्हणून त्या जागी कुणी तार गुंडाळली असेल तर आधी योग्य रेटिंगचा फ्यूज बसवून घ्या.

मुलाला सांगा, आधी रिमोटने बंद कर, मग बोर्डावरचं बटण, रोज असं केलं तरी बिघडत नाही, फार तर एखाद्या जुन्या मॉडेलमधली घड्याळाची वेळ जाईल. गावी जाताना मात्र प्लगच काढा, कारण वायरिंग उलटं असेल, म्हणजे बटण न्यूट्रलवर असेल, तर ते बंद करूनही फेज (करंट असलेली तार) आत राहतो.

जळका वास आला किंवा धूर दिसला तर मेन स्विच पाडा, पाणी अजिबात टाकू नका, १०१ ला फोन करा. आणि सफाईसाठी झाकण घरी उघडू नका, प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, बाहेरच्या जाळीवर ब्रश फिरवा, आतलं काम मेकॅनिककडून उन्हाळ्याआधीच करून घ्या.