एसीएल तुटलं, आता नस कुठली लावायची?

पावसाळ्यात टर्फवर फुटबॉल, मग दहीहंडीचा सराव. त्यानंतर माझ्याकडे येणारी निम्मी पत्रं याच एका विषयाची असतात. एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारा पट्टा, म्हणजे लिगामेंट. ते तुटलं की ऑपरेशन करून त्याच्या जागी दुसरीकडची नस बसवतात. नस म्हणजे इथे रक्तवाहिनी नव्हे, स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, टेंडन. काही निवडली आहेत.

डॉक्टर, मांडीमागची नस काढली तर पाय कायमचा अधू होतो, असं शेजारी सांगतात. (वय ३१, डोंबिवली)

होत नाही. हॅमस्ट्रिंगच्या एक-दोन नसा घेतल्या तरी बाकीचे स्नायू काम सांभाळून घेतात. गुडघा पूर्ण दुमडताना जोर थोडा कमी पडतो, एवढंच.

मी फरशी बसवतो. दिवसभर गुडघ्यावर असतो. माझ्या डॉक्टरांनी वाटीखालची नस सुचवली आहे. (वय ३८, कुर्ला)

तुमचा धंदा त्यांना सांगितलात का? बहुतेक नसेल. वाटीखालच्या नसेची मधली पट्टी दोन्ही टोकांच्या हाडाच्या तुकड्यांसकट घेतात. हाडाला हाड दीड-दोन महिन्यांत चिकटतं, म्हणून तरुण खेळाडूंसाठी बरेच सर्जन हीच पसंत करतात. पण पुढे गुडघे टेकताना दुखण्याची तक्रार हीच नस घेतल्यावर जास्त. फरशीवाला, नमाज पढणारा, खाली बसून स्वयंपाक करणारी बाई, यांनी हे आधी बोलायलाच हवं. हॅमस्ट्रिंग किंवा वाटीवरच्या क्वाड्रिसेप्सच्या नसेबद्दल विचारा. निर्णय मात्र तुमचा गुडघा तपासणाऱ्यानेच घ्यायचा.

कबड्डी खेळतो. मित्र म्हणतो, हल्ली सगळे घोट्याजवळची नस घेतात. (वय २२, लालबाग)

सगळे घेत नाहीत. पेरोनियस लाँगसची नस जाड मिळते आणि मांडीमागचे स्नायू शाबूत राहतात, हे खरं. पण पाऊल बाहेर वळवायच्या जोरात तिचाही वाटा असतो आणि कबड्डीत पाऊल लागतं. घोटा आधी वारंवार मुरगळला असेल तर ते सर्जनच्या कानावर घाला.

मुलगा २० वर्षांचा, फुटबॉल खेळतो. एका ठिकाणी ‘इम्पोर्टेड डोनर नस, कापाकापी कमी, तीन महिन्यांत मैदानात’ असं पॅकेज सांगितलं. घ्यावं का? (ठाणे)

नाही. मृत दात्याची नस वाईट नसते. अनेक लिगामेंट एकदम तुटली किंवा दुसऱ्यांदा ऑपरेशन करायचं असेल तर ती उपयोगी पडते. पण विशीतल्या खेळाडूत ती स्वतःच्या नसेपेक्षा जास्त वेळा तुटते आणि शरीरात रुजायलाही जास्त वेळ घेते. ‘इम्पोर्टेड’ म्हटल्याने ती लवकर रुजत नाही.

आता ‘तीन महिन्यां’बद्दल. बसवलेली नस म्हणजे लिगामेंट नव्हे. आधी तिच्यातल्या पेशी मरतात, मग नव्या रक्तवाहिन्या शिरतात, मग ती हळूहळू लिगामेंटसारखी होते. पहिल्या काही महिन्यांत ती बसवताना होती त्याहून कमजोर असते. नेमकी तेव्हाच सूज उतरते, दुखणं थांबतं आणि पोराला वाटतं आपण बरे झालो. मग आंतरमहाविद्यालयीन सामना, एक वळण आणि पुन्हा ऑपरेशन टेबल. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता नस कुठली हे विचारायच्या आधी मी फिजिओ कोण हे विचारतो. नऊ महिन्यांच्या आत वळणाचा खेळ नाही. नऊ झाल्यावरही मांडीचा जोर आणि एका पायावरची उडी चांगल्या पायाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत हवी. कॅलेंडर पाहून नव्हे, चाचणी करून सोडायचं. दुसऱ्या सर्जनचं मत घ्या, पॅकेजची तारीख टळली तरी चालेल.

एमआरआयमध्ये पूर्ण तुटलंय. सहा महिने मालिश केली. चालता येतं, फक्त लोकलमधून उतरताना गुडघा निसटतो. (वय २७, विरार)

‘फक्त’? प्रत्येक निसटण्यात गुडघ्यातली गादी (मेनिस्कस) फाटू शकते. प्रत्येकाला ऑपरेशन लागतंच असं नाही, पण ज्याचा गुडघा निसटतो त्याने थांबायचं नाही. मालिश बंद करा आणि याच आठवड्यात दाखवा.

नस पक्की करायला घातलेला आतला स्क्रू विमानतळावर वाजेल का? (वय ४५, विलेपार्ले)

सहसा नाही. वाजलाच तर डिस्चार्ज कार्ड दाखवा.