ऊन कुठून येतंय ते आधी बघ

प्रिय पोरी,

तुझे दहा फोटो मिळाले. आधी फोटो बघितले आणि मग, तुला न विचारता, प्रत्येक फाइलमधली वेळ उघडून बघितली. दहाच्या दहा फोटो सकाळी सहा चाळीस ते सात वीस या वेळातले. म्हणजे "वन्यजीवांच्या फोटोला सगळ्यात चांगली वेळ कोणती?" हा प्रश्न तू मला पाठवलास खरा, पण उत्तर आधीच ठरवून बसली होतीस. माझ्याकडून फक्त शिक्का हवा होता. तो मी मारत नाही.

तुझा चौथा फोटो घे. वाळक्या फांदीवर खंड्या, चोच खाली, नजर पाण्यावर. फोकस नेमका, मागचं सगळं मऊ झालेलं, फांदीही मोक्याची. तरी फोटो बघताना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. तुलाही वाटलं असणार, म्हणून तर तू त्याचे रंग संगणकावर वाढवून बघितलेस. पाण्याचा हिरवा जरा जास्तच झालाय, त्यावरून कळलं.

राहून गेलंय ते निळं. खंड्याच्या पाठीचा निळा हा रंगद्रव्याचा रंग नव्हे. पिसांमधल्या अतिसूक्ष्म रचनेवर प्रकाश पडतो, त्यातला निळा भाग परत फेकला जातो आणि आपल्याला पाठ निळी दिसते. आता सकाळच्या उन्हाचं बघ. सूर्य क्षितिजावर असतो तेव्हा त्याच्या किरणांना माथ्यावरच्या सूर्याच्या मानाने साधारण ३८ पट हवा ओलांडून यावं लागतं. वाटेत निळा प्रकाश इकडेतिकडे विखुरतो आणि आपल्यापर्यंत पिवळा-तांबडाच जास्त पोचतो. ज्या उजेडात निळं फारसं उरलेलंच नाही, तो उजेड त्या पाठीवर पाडलास. तिने परत काय द्यायचं? संगणकावर कितीही ओढाताण केलीस तरी जे आलंच नाही ते कुठून येणार?

हाच खंड्या, हीच फांदी, पण नऊ-साडेनऊची वेळ आणि सूर्यावर पातळ ढग, असं असतं तर ती पाठ पेटल्यासारखी दिसली असती. आणि तो त्या फांदीवर नऊलाही आला असता. खंड्याच्या ठरलेल्या बैठका असतात. एक सूर मारून झाला की बऱ्याचदा तो तिथेच परततो. तू मात्र सात वीसला कॅमेरा बॅगेत भरून निघालीस, कारण "गोल्डन अवर", म्हणजे सोनेरी उन्हाचा तास, संपला होता.

तो शब्द वाईट नाही. त्यातल्या "अवर"वर मात्र विश्वास ठेवू नकोस. सूर्य क्षितिजापासून सुमारे सहा अंश वर येईपर्यंतचं ऊन खरं सोनेरी, असा एक ढोबळ हिशेब धरतात. विषुववृत्ताजवळ सूर्य जवळजवळ सरळ वर चढतो, तासाला १५ अंश, म्हणजे सहा अंशांना २४ मिनिटं. ६० अक्षांशावर तो तिरका चढतो, तिथे दिवस-रात्र समान असतानाच्या काळात त्याच सहा अंशांना ४८ मिनिटं लागतात. त्याच्याही पुढे ध्रुवाकडे गेलीस तर उन्हाळ्यात हे ऊन तासन्‌तास हलत नाही. तेव्हा घड्याळ बघू नकोस, सूर्याची उंची बघ. हात लांब करून मूठ धरलीस की ती साधारण दहा अंश झाकते. सूर्याच्या वाटेवर एक मूठ म्हणजे चाळीस मिनिटं. झाडांच्या शेंड्याआड गेलेला सूर्य कधी बाहेर येईल, हे मी अजूनही असंच मोजतो. मोबाइलमध्ये त्यासाठी अ‍ॅप आहे, पण मोबाइलचा पडदा उजळला की समोरचा ससा उठून जातो.

पहाट आणि सांज यांची जी ख्याती झाली, ती निम्मी उजेडामुळे आणि निम्मी प्राण्यांमुळे. हरणं, ससे, कितीतरी शिकारी जनावरं संधिप्रकाशात हिंडतात. गारवा असतो आणि अर्धवट उजेडात लपायलाही बरं. पक्षी रात्रभराचे भुकेले असतात. वारा बहुधा पडलेला असतो, त्यामुळे पाणी आरशासारखं राहतं आणि प्रतिबिंब तुटत नाही. पण प्राण्याची वेळ आणि उजेडाची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या कधी जुळतात, कधी नाही. न जुळल्या तर प्राण्याची वेळ धर आणि जो उजेड असेल त्याच्याशी जुळवून घे. उलट करायला गेलीस की सुंदर उन्हात रिकामी फांदी मिळते. माझ्याकडे अशा फांद्या ढिगाने आहेत.

खंड्याच्या फोटोतली दुसरी चूक डोळ्याची. ऊन त्याच्या डाव्या खांद्यामागून येतंय, त्यामुळे चेहरा सावलीत गेला आणि डोळा म्हणजे नुसतं काळं भोक झालं. डोळ्यात उजेडाचा एक ठिपका असला की पक्षी बघतोय असं वाटतं, नसला की पेंढा भरल्यासारखा दिसतो. सूर्य खाली असताना सोपी युक्ती आहे: आपली लांब सावली प्राण्याच्या दिशेने पडतेय का ते बघायचं. पडत असेल तर त्याचं तोंड उजळलेलं असणार. आणि तरीही मान वळेपर्यंत थांबायचं. अर्ध्या सेकंदाचा खेळ असतो तो, पण तेवढ्याने फोटो बदलतो.

यावरून माझी एक सकाळ सांगतो. एका पाणवठ्यावर हरणं येतात असं कळलं, म्हणून आदल्या संध्याकाळी जागा हेरायला गेलो. ऊन माझ्या पाठीमागून येऊन पलीकडच्या काठावर पडलं होतं. चिखलातला खुरांचा एकेक ठसा मोजता येत होता. खूश होऊन तिथेच लपण उभं केलं. पहाटे अंधारात येऊन बसलो. हरणं आली, चांगली अकरा. आणि त्यांच्या मागून, थेट माझ्या लेन्समध्ये, सूर्य आला. संध्याकाळी पाठीमागे असलेलं ऊन सकाळी तोंडावर येणार, हे शाळकरी पोरानेही सांगितलं असतं. मला नाही सुचलं. उठून जागा बदलावी तर हरणं उधळणार, म्हणून दोन तास तसाच बसून राहिलो. मानेवर मुंगी चढली होती, तीही हरणं गेल्यावरच झटकली.

तेव्हापासून जागा ज्या वेळेला वापरायची त्याच वेळेला बघतो. आणि एकदा बघितलेली जागा कायमची समजत नाही. अगदी विषुववृत्तावरसुद्धा सूर्य उगवण्याची जागा जूनपासून डिसेंबरपर्यंत सुमारे ४७ अंश सरकते. उत्तरेला किंवा दक्षिणेला जावं तसं हे सरकणं आणखी वाढतं. जूनमध्ये पक्ष्याच्या तोंडावर पडणारं ऊन डिसेंबरात झाडामागे अडकलेलं सापडेल.

तोंडावर येणाऱ्या उन्हाला घाबरू मात्र नकोस. त्या सकाळी मला त्याचं काय करायचं ते कळत नव्हतं, एवढंच. सूर्य प्राण्याच्या मागे पण चौकटीच्या बाहेर, आणि प्राण्याच्या पाठीमागची जागा सावलीत काळी, असं जमलं की केसांच्या कडेने उजेडाची रेघ ओढली जाते. थंडीतल्या हरणाच्या तोंडाची वाफ, खुरांनी उडालेली धूळ, कोळ्याच्या जाळ्यावरचं दव, ही मंडळी फक्त मागच्या उजेडातच दिसतात. समोरून ऊन पाडलंस की गायब. एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ यावा याचं माप, त्या रेघेवर ठेव, अंग काळं जाऊ दे. लेन्सला हूड, म्हणजे आडवं ऊन अडवणारं कडं, लाव आणि पुढची काच पूस. काचेवरचा बोटाचा ठसा एरवी कळतही नाही, इथे अर्धा फोटो पांढरट करतो.

दुपारबद्दल. दुपारचं ऊन वाईट म्हणून लोक तंबूत झोपतात, आणि मीही बहुतेक वेळा झोपतो. वरून पडणाऱ्या उन्हात भुवईची सावली डोळ्यात जाते आणि रंग फटफटीत होतात. बगळ्यासारखा पांढरा पक्षी असेल तर त्याची पिसं जळून नुसता पांढरा डाग उरतो. त्याहून मोठी कटकट तापलेल्या हवेची. जमीन तापली की तिच्यावरची हवा थरथरते, आणि लांबचा प्राणी लांब लेन्सने टिपलास की तो पाण्याखाली असल्यासारखा येतो. तू बिचारी फोकसला दोष देत बसशील, लेन्स दुरुस्तीला पाठवशील. लेन्स ठणठणीत असते. यावर उपाय दोनच: प्राणी जवळ येईपर्यंत थांबणं, नाहीतर फोटो सोडून देणं.

पण गिधाडं आणि गरुड ऊन तापल्याशिवाय सहसा उंच जात नाहीत. जमिनीवरून वर उठणाऱ्या गरम हवेवर ते तरंगतात, म्हणजे त्यांची वेळ सकाळ उलटल्यावरचीच. तेव्हा पंखांची खालची बाजू काळी येणार, हा तुझा पुढचा प्रश्न. खाली काय आहे ते बघ. वाळू, बर्फ, उथळ चकाकतं पाणी असेल तर खालून उजेड परत फेकला जातो आणि पंखाचं एकेक पीस दिसतं. अशा ठिकाणी भर दुपारचे फोटो सकाळच्यांपेक्षा सरस निघालेले मी पाहिलेत. खाली काळी जमीन किंवा गर्द झाडी असेल तर डोळ्यांनीच बघ आणि मजा घे.

फुलपाखरांचं गणित याच्या उलट. उडण्याचे स्नायू गरम झाल्याशिवाय त्यांना उडता येत नाही. पहाटे ती गवताच्या काडीला गारठून चिकटलेली असतात, कधी पंखांवर दव असतं. पहिलं ऊन पडलं की काही पंख उघडून शेकत बसतात. ती दहा-पंधरा मिनिटं तुझी. नंतर धावत सुटशील.

ढगाळ दिवशी घरी बसू नकोस, हे ठासून सांगतो. पातळ ढग म्हणजे आभाळभर पसरलेला एकच मोठा दिवा. सावल्या मऊ होतात, काळा कावळा आणि पांढरा बगळा एकाच चौकटीत नीट येतात, आणि ऊन कुठून येतंय याची काळजी बरीच कमी होते. पानांचा हिरवा खरा दिसतो. फक्त आभाळ चौकटीत घेऊ नकोस, ते राखाडी कापडासारखं येतं. दाट ढग असतील तर उजेडाचा तुटवडा पडतो. हिशेब असा लक्षात ठेव: लख्ख उन्हात अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) एफ ५.६ आणि आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ४०० ठेवलास की शटर साधारण १/३२०० सेकंद मिळतं. सूर्योदयाआधी त्याच अ‍ॅपर्चरला आयएसओ ३२०० करूनही १/१२५ च्या आसपास अडकशील. १/१२५ मध्ये उडणारा पक्षी मिळत नाही, पण थांबून कान टवकारणारं हरीण मिळतं. म्हणून अंधुक उजेडात स्थिर प्राणी निवड, आणि उडणाऱ्यांसाठी ऊन वर येऊ दे. आयएसओ वाढवायला लाजू नकोस. दाणेदार फोटो चालतो, हललेला नाही.

सूर्य बुडाल्यावर तो क्षितिजाखाली सहा अंश जाईपर्यंत एक निळसर उजेड राहतो. बहुतेक लोक तेव्हा सामान आवरत असतात. घुबड त्याच वेळी ढोलीच्या तोंडाशी येतं. बीनबॅगवर, म्हणजे दाणे भरलेल्या पिशवीवर, लेन्स टेकव, श्वास सोड आणि सलग दहा-दहा फोटो काढ. एखादा स्थिर निघतो.

त्यानंतर रात्र, आणि रात्रीबद्दल माझं मत तुला जुनाट वाटेल. जॉर्ज शिरास नावाच्या अमेरिकन गृहस्थाने होडीतून फ्लॅश उडवून रात्री हरणांचे फोटो काढले, आणि १९०६ च्या जुलैत नॅशनल जिऑग्राफिकने त्याचे ७४ फोटो एकाच अंकात छापले. कितीतरी लोकांना तेव्हा रात्रीचं रान दिसलं, त्याचं मोल आहेच. पण आज तू निशाचराच्या डोळ्यात झोत मारून तोच फोटो पुन्हा काढण्यात काय मिळवणार? त्याचे डोळे अंधारासाठी बनलेले आहेत. झोत मारला की तो काही वेळ आंधळा होतो, आणि तेवढा वेळ त्याला परवडत नाही. हीच गोष्ट घरट्याची. भर उन्हात तू घरट्यासमोर उभी राहिलीस की आई परत येत नाही, आणि तिच्या सावलीविना पिलं भाजतात. तिथे उजेड कितीही चांगला असला तरी निघ.

आता काम देतो. पुढच्या वेळी मला दहा ठिकाणचे दहा फोटो पाठवू नकोस. त्या खंड्याच्या फांदीपाशी अंधार असताना जा आणि अंधार पडेपर्यंत बस. मधे कंटाळा येईल, येऊ दे. दर तासाला त्याच जागेवरून, त्याच लेन्सने एक फोटो काढ. खंड्या असो नसो, नुसती फांदी चालेल. व्हाइट बॅलन्स ५५०० केल्विनवर पक्का करून ठेव, ऑटोवर नको, नाहीतर कॅमेरा उजेडाचा रंग आपल्या मनाने पुसून टाकेल. वहीत तीन गोष्टी लिही: ऊन कुठून, सावली कुठे, आणि त्या वेळी कोण आलं होतं.

बारा-तेरा फोटो आणि वहीचं पान, एवढंच पाठव. आणि फांदीच्या टोकावर ऊन पहिल्यांदा किती वाजता पोचतं तेही लिही. तुझ्या फोटोत मागे एक मोठं झाड दिसतंय. माझा अंदाज आहे की सात वीसला ऊन त्या टोकापर्यंत अजून पुरतं पोचलं नव्हतं.