पीसीआरची प्लेट लावायच्या आधी ठरव, तुलना कशाशी करणार

अगं पोरी,

तुझा सिनॉप्सिस, म्हणजे थिसिसचा आराखडा, काल रात्री वाचला. टॉपिक भारी घेतलायस, तोंडाच्या कॅन्सरमधलं जीन एक्स्प्रेशन, म्हणजे कुठला जीन किती चालू आहे ते त्याच्या आरएनएवरनं मोजायचं, आणि सॅम्पल पण आपल्याच भागातले, निपाणी खानापूर गोकाक अथणीकडनं बेळगावला येणारे पेशंट. तू विचारलंयस की यादीतले कुठले जीन ठेवू आणि कुठले काढू. ते नंतर बघू की. मला जास्त काळजी वाटली ती त्या एका ओळीची, "कंट्रोल : गाठीशेजारचा नॉर्मल टिश्यू". कंट्रोल म्हणजे ज्याच्याशी गाठीची तुलना करायची तो टिश्यू, आणि तू एवढंच लिहून पुढं गेलीस!

शेजारचा म्हणजे किती लांबचा? आणि नॉर्मल आहे हे कोण सांगितलं? आपल्याकडचा माणूस तंबाखू-चुन्याची गोळी वर्षानुवर्षं गालाच्या त्याच कोपऱ्यात धरतोय, मग त्या गालाची सगळीच कातडी भोगलेली असते, नुसती गाठीची जागा नव्हे. स्लॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे 1953 सालीच मांडलंय, फील्ड कॅन्सरायझेशन म्हणतात ते, म्हणजे गाठीच्या आजूबाजूचा सगळा भागच बिघडलेला असणं. 9पी आणि 3पी हे क्रोमोसोमचे तुकडे तर पांढऱ्या चट्ट्यातच, म्हणजे कॅन्सर व्हायच्या आधीच, बऱ्याचदा गेलेले असतात. मग अशा टिश्यूला तू शून्य धरलंस तर गाठीतला फरक दिसायला हवा त्यापेक्षा कमी दिसणार, आणि तू लिहून मोकळी होणार की या जीनमध्ये काही फरक नाही.

दुसरी गंमत अजून वाईट आहे. गालाच्या आतल्या कातडीखाली लगेच स्नायू असतोय. सर्जननं कंट्रोलचा तुकडा जरा खोल घेतला की त्यात स्नायू येतोय, आणि मग गाठीत मायोसिन, क्रिएटिन कायनेज असले जीन "डाऊन" झालेले दिसतात. ते कॅन्सरनं डाऊन केलेले नसतात गं, गाठीच्या तुकड्यात स्नायूच कमी होता! छापलेल्या पेपरांच्या यादीत पण हे जीन खाली झालेले म्हणून दिसतात, आणि लोक त्याच्यावर पानभर डिस्कशन लिहितात. कोलॅजनचं याच्या उलट. गाठीत फायब्रोब्लास्ट, म्हणजे कोलॅजन बनवणाऱ्या आधाराच्या पेशी, जास्त असले की कोलॅजन जीन आठपट वाढलेला दिसतोय, म्हणजे पीसीआरवर फक्त 3 सायकलचा फरक, कारण दर सायकलला दुप्पट होतं. भेळेत शेंगदाणे जास्त पडले म्हणून शेंगदाणा मोठा झाला म्हणशील काय? तसंच हे. म्हणून प्रत्येक तुकड्याचा एक भाग आरएनएसाठी आणि त्याला लागूनचाच दुसरा भाग स्लाइडसाठी ठेव, आणि पॅथॉलॉजीच्या मॅडमकडनं गाठीच्या पेशी किती टक्के आहेत ते लिहून घे. कंट्रोलच्या स्लाइडवर पण, तिथं स्नायू आहे का, डिस्प्लेझिया, म्हणजे कॅन्सरच्या आधीचा पेशींचा बिघाड, आहे का. हे केलंस तर तुझं निम्मं काम झालं असं समज, मी अतिशयोक्ती करत नाहीये.

एकट्या जीएपीडीएच जीनवर नॉर्मलाइज करू नको, म्हणजे तो स्थिर धरून बाकीचे जीन त्याच्या तुलनेत मोजू नको. तो ग्लायकोलिसिसचा, म्हणजे ग्लुकोज फोडण्याच्या कामातला जीन, आणि कॅन्सरची पेशी ग्लुकोजवर तुटून पडलेली असते, मग तो स्थिर राहील कसा. दोन-तीन रेफरन्स जीन, म्हणजे स्थिर राहणारे, घे आणि आपल्याच सॅम्पलवर तपासून बघ.

आता यादी. टीपी53 तू एक्स्प्रेशनसाठी घेतलायस, मला ते पटलं नाही. त्याची खरी गोष्ट म्युटेशनमध्ये, म्हणजे जीनच्या मजकुरातल्या बिघाडात आहे. बऱ्याच म्युटेशनमध्ये बिघडलेलं प्रोटीन लवकर मोडत नाही, साचत जातं, त्या प्रोटीनसाठी रंगवलेली स्लाइड गडद तपकिरी दिसते, आणि काही म्युटेशनमध्ये प्रोटीनच बनत नाही, स्लाइड कोरी. दोन्हीकडं जीन निकामीच. पीसीआरवर आरएनए मोजून यातलं काहीच कळत नाही. ईजीएफआर जीनचं नेमकं उलटं, तोंडाच्या कॅन्सरमध्ये त्याचं एक्स्प्रेशन बहुतेक वेळा वाढलेलं पण म्युटेशन क्वचित, तो ठेव. सीडीकेएन2ए म्हणजे पी16 पण ठेव, पण सांभाळून. तंबाखूवाल्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये तो तुटून गेलेला नाहीतर मिथायलेशननं, म्हणजे डीएनएवर बसलेल्या रासायनिक खुणांनी, बंद पडलेला असतो, म्हणजे कमी. टॉन्सिल आणि जिभेच्या मागच्या भागाकडच्या एचपीव्ही व्हायरसच्या कॅन्सरमध्ये तोच भरमसाट वाढतो. जिभेचा मागचा भाग आणि पुढचा भाग एकाच ग्रुपमध्ये टाकलास तर दोन्ही एकमेकाला खाऊन सरासरी जागच्या जागी राहील, तेव्हा साइट नीट लिहून घे.

टीसीजीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या कॅन्सर जीन प्रकल्पाचा, डेटा जोडणार म्हणालीस, जोड की, पण त्यात हेड अँड नेकच्या, म्हणजे तोंड-घशाकडच्या, गाठी पाचशेवर आणि नॉर्मल चाळीस-पंचेचाळीसच, आणि पेशंट मुख्यतः अमेरिकेतले, सिगारेट-दारूवाले. आपल्या गालाच्या, हिरडीच्या कॅन्सरसाठी 2013 चा आयसीजीसी या आंतरराष्ट्रीय कॅन्सर जीन प्रकल्पाच्या भारतीय गटाचा पेपर आधी वाच, नेचर कम्युनिकेशन्समधला. 50 पेशंटचं एक्सोम, म्हणजे प्रोटीन बनवणारा सगळा डीएनए वाचला, आणि वर 60 जणांवर तपासणी. टीपी53, कॅस्पेज8, एचरास, नॉच1, फॅट1 हे सगळीकडचे आहेतच, पण यूएसपी9एक्स, एआरआयडी2 असले पण त्यांना वारंवार बिघडलेले सापडले.

आणि सवयींचा फॉर्म. "तंबाखू खाता का, हो/नाही" हे काढून टाक. निपाणीकडची म्हातारी मशेरी लावते सकाळ-संध्याकाळ, ती सरळ नाही म्हणणार, कारण तिच्या हिशोबानं ते दात घासणं आहे. नुसती सुपारी खाणारा पण नाहीच म्हणणार, आणि आयएआरसीनं, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं, 2004 मध्ये तंबाखूशिवायची सुपारी पण कॅन्सर करणारी म्हणून ठरवलीय. गुटखा कर्नाटकात 2013 पासून बंद, म्हणून त्याचं नाव घ्यायला पण लोक बिचकतात, तेव्हा पोलिसी थाटात विचारू नको. मशेरी, जर्दा, मावा, सुपारी, विडी, सगळं वेगवेगळं विचार, किती वर्षं, आणि महत्त्वाचं म्हणजे कुठल्या गालात धरतात. हे शेवटचं विचारलंस तर कंट्रोलचा तुकडा दुसऱ्या गालाचा घेता येतोय का हे तुझं तुलाच कळेल, फक्त त्याला एथिक्स कमिटीची वेगळी परवानगी लागणार, कारण ट्रीटमेंटसाठी ती जखम गरजेची नाही. नाही मिळाली तर गाठीपासून किती सेंटिमीटरवरचा तुकडा ते प्रत्येकाचं लिहून ठेव.

फॉर्म कन्नडमध्ये पण कर, गोकाक-अथणीकडच्या पेशंटला मराठीत विचारून नुसत्या माना डोलवून घेऊ नकोस. दोन्ही फॉर्म आणि कंट्रोलची सुधारलेली ओळ मला पाठव, मग पीसीआरला लागणारे प्रायमर, म्हणजे डीएनएचे छोटे तुकडे, ऑर्डर करूया, तोपर्यंत एक पैसा खर्च करू नको.

तुझा,
सर