शेतकरी होता आणि युद्धातही गाजला असा सैनिक कोण?

एल्विन यॉर्क, अमेरिकेतल्या टेनेसीचा. भरतीच्या फॉर्मवर यानेच लिहिलेलं की मला लढायचं नाही, कारण त्याच्या धर्माला ते मान्य नव्हतं. आणि हाच गडी ८ ऑक्टोबर १९१८ ला फ्रान्समधल्या अर्गोनच्या जंगलातून मूठभर साथीदारांसोबत १३२ जर्मन कैदी घेऊन आला! सहा जण अंगावर धावून आले तेव्हा पिस्तुलाने आधी सगळ्यात मागच्याला टिपलं मग त्याच्या पुढच्याला, रानटर्की मारायची गावाकडची ट्रिक, पुढच्यांना कळतच नाही मागे काय झालं ते. परत आल्यावर जाहिरातींच्या ऑफर नाकारून सरळ शेती. पण लोकवर्गणीतून बक्षीस म्हणून दिलेल्या शेताचे पैसे पूर्ण भरलेलेच नव्हते, ते टेन्शन बिचाऱ्याच्याच डोक्याला.