सराफ्याच्या ओट्यावरून : आजच परत दिलं तर काय द्याल?

सोन्या-चांदीबद्दल वाचकांचे प्रश्न. उत्तरं इंदूरच्या सराफ्यातल्या एका जुन्या पेढीवरून.

प्रश्न : नमस्कार काका. मी सुदामानगरला राहते, घरी शिकवण्या घेते. घरखर्च भागून महिन्याला तीन-चार हजार उरतात. ते साठवून जमेल तसं एकेक ग्रॅमचं सोन्याचं नाणं घ्यायचं मनात आहे. मुलगी आठवीत आहे, तिच्या लग्नाच्या वेळी हाताशी काहीतरी असावं. हे म्हणतात, एक-एक ग्रॅमने काय होणार, त्यापेक्षा सराफाकडे भिशी लाव आणि बांगडी घे. कोणाचं ऐकू?

उत्तर : ताई, स्वतःचंच ऐका, फक्त घेण्याची पद्धत थोडी बदला.

बांगडी अंगावर घालायची असेल तर जरूर घ्या, ती हौस आहे. पण लग्नासाठी साठा करायचा तर आज घडणावळ भरायची, दहा वर्षांनी मुलीला ते डिझाइन आवडत नाही म्हणून बांगडी मोडायची आणि नव्या दागिन्याला पुन्हा घडणावळ द्यायची, हे मला बिलकुल पटत नाही. चोख सोनं जवळ असलं की तेव्हा तिला हवं ते घडवता येईल, मजुरी एकदाच. भिशीचंही आधी नीट विचारून घ्या. बऱ्याच पेढ्यांच्या मासिक योजनेत शेवटी दागिनाच घ्यावा लागतो, नाणं देत नाहीत.

एक ग्रॅमने काय होणार, असं मात्र यजमानांना म्हणू देऊ नका. आपल्याकडे गुरुपुष्यामृताला गुंजभर तरी सोनं घ्यायची रीत होती. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. तोळा 11.66 ग्रॅमचा, म्हणजे मासा जवळजवळ एक ग्रॅमच झाला. तुमच्या आजीच्या हिशेबात तुम्ही दर वेळी मासाभर सोनं घरात आणताय. मोठमोठे साठे असेच झालेत.

अडचण आहे ती मजुरीची. ठसा मारायचा, सील करायचं, हा खर्च लहान नाण्याला आणि मोठ्याला फारसा वेगळा नसतो, त्यामुळे लहान नाण्यावर त्याचा बोजा जास्त पडतो. हिशेबाच्या सोयीसाठी भाव ग्रॅमला 10,000 धरू. आजचा भाव वेगळा आहे, तुम्ही प्रमाणाकडे बघा. एक ग्रॅमला 8 टक्के मजुरी धरली तर झाले 10,800, त्यावर 3 टक्के जीएसटी, एकूण 11,124. दहा ग्रॅमच्या नाण्याला मजुरी 2 टक्के धरली तर 1,02,000, जीएसटीसकट 1,05,060. तेच दहा ग्रॅम एकेक करून घेतले तर 1,11,240. सोनं तेवढंच आणि 6,180 रुपये जास्त गेले. एवढ्यात अर्ध्या ग्रॅमहून जास्त सोनं आलं असतं, आणि शिकवण्या घेऊन मिळवलेल्या पैशांतलं अर्धा ग्रॅम मला थोडं वाटत नाही.

म्हणून एक ग्रॅमवर उडी मारू नका. पैसे आवर्ती ठेवीत टाकत जा आणि दोन ग्रॅमचं घ्या, जमलं तर थांबून पाचचं. भाव चढतोय म्हणून जीव खालीवर होत असेल तर दोनचं घेऊन मोकळ्या व्हा. पाचासाठी वर्षभर काळजी करत बसण्यातही अर्थ नाही.

दुकानात काय विचारायचं ते सांगतो. लोक मजुरी विचारतात, सूट विचारतात. तुम्ही विचारा : "हेच नाणं आज संध्याकाळी परत आणलं तर हातात किती द्याल?" मजुरी, घट (वितळवताना धरलेली तूट), बट्टा (भावातली कपात), सगळं त्या एका आकड्यात येतं. चांगला सराफ बिलामागे आकडा लिहून देतो. "सोनं कोणी विकायला घेतं का, ताई?" असं म्हणून जो हसण्यावारी नेतो, त्याच्या गादीवरून उठा. दोन-तीन पेढ्यांवर हाच प्रश्न विचारा, फरक तुमचा तुम्हालाच कळेल.

बँकेतून नाणं घेतलं की लोकांना निर्धास्त वाटतं. शुद्धतेचा भरवसा असतो, खरं आहे. पण बँक नाणं विकते, परत घेत नाही, रिझर्व्ह बँकेची तशी परवानगीच नाही. मोडायला शेवटी आमच्याच दारात यावं लागतं. तोवर तुम्ही बँकेला मजुरी जास्त देऊन बसलेल्या असता.

नाणं 24 कॅरेटचं, 999 शिक्क्याचं घ्या. हॉलमार्कची सक्ती 2021 पासून टप्प्याटप्प्याने आली ती दागिन्यांवर, तेव्हा नाण्यावर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचा, त्रिकोण आहे का हे आपणच बघायचं. केंद्र सरकारचं अशोकचक्राचं नाणं 2015 मध्ये निघालं, एका बाजूला गांधीजी आहेत. त्यावर हा त्रिकोणाचा शिक्का असतो. नुसतं दुकानाचं नाव आणि लक्ष्मीची छाप असलेलं नाणं खोटंच असतं असं नाही, पण ते दुसऱ्या पेढीवर नेलं की टंच काढूनच, म्हणजे शुद्धता तपासूनच, भाव ठरतो.

आणि दिवसाउजेडी या. आपला सराफा रात्री खाऊगल्ली होतो, गराडू आणि भुट्ट्याच्या किसाचा, सोन्याचा व्यवहार दुपारचा. वजन होताना काट्याची काचेची दारं बंद आहेत का बघा. एक ग्रॅमच्या नाण्याला वरच्या पंख्याच्या वाऱ्यानेसुद्धा मिलिग्रॅमचे आकडे नाचतात. आकडा स्थिर होईपर्यंत मी गिऱ्हाईकाला बोलूही देत नाही. सीलबंद नाणं असेल तर पाकिटाच्या कडा अंगठ्याने चाचपा. ब्लेडने उघडून पुन्हा चिकटवलेली कड बोटाला लगेच खरखरीत लागते. कार्डावरचा नंबर बिलावर उतरवून घ्या.

बिल पक्कंच हवं. प्राप्तिकर खात्याची 1994 ची जी सूचना सगळे सांगतात, विवाहित स्त्रीचं 500 ग्रॅम, अविवाहितेचं 250 आणि पुरुषाचं 100 ग्रॅमपर्यंत जप्त करू नये, ती दागिन्यांसाठी आहे. नाण्यांना तिचा आधार धरू नका, नाण्याचा आधार म्हणजे त्याचं बिल. पुढे विकताना लागेल तेही बिलच. 24 महिन्यांच्या वर ठेवून विकलं तर नफ्यावर 12.5 टक्के कर, त्याआधी विकलं तर नफा तुमच्या उत्पन्नात मिळवून. बिल नसेल तर खरेदीचा भाव दाखवणार कसा?

प्रश्न : आजेसासूबाईंच्या पेटीत एक गिनी सापडली. एकीकडे घोड्यावरचा माणूस आणि 1918 साल, दुसरीकडे राजाचं डोकं. वर माळेत ओवायची कडी आहे. इथल्या सोनाराने आठ ग्रॅम धरून भाव सांगितला. मोडून नवी नाणी घ्यावीत का? (वडोदऱ्याहून एक वाचक)

उत्तर : वहिनी, मोडायची घाई करू नका. भिंग घ्या आणि घोड्याच्या पायाखाली, सालाच्या जरा वर, जमिनीच्या रेघेवर बघा. तिथे इंग्रजी आय हे बारीक अक्षर असेल तर ही गिनी लंडनची नाही, मुंबईच्या टांकसाळीत पडलेली आहे. लंडनच्या टांकसाळीची शाखा तेव्हा मुंबईत होती आणि तिने या गिन्या 1918 या एकाच साली पाडल्या. फार दुर्मिळ नाही, पण हौशी संग्राहक तिच्यासाठी सोन्याच्या भावापेक्षा जास्त देतात.

तुमच्या गिनीला ते कमीच मिळेल, कारण कडी. कडी जोडायला डाख (सांधा) लावला की संग्राहकाच्या लेखी नाणं बाद होतं आणि मग सोन्याचाच भाव येतो. म्हणून कानस घेऊन कडी काढायला जाल तर तसं करू नका, कडेचे दातेही जातील आणि वजनही.

सोन्याचा हिशेब असा. गिनी 7.98 ग्रॅमची, 22 कॅरेटची, म्हणजे चोख सोनं 7.32 ग्रॅम. आठ हा ढोबळ आकडा आहे. शिवाय काट्यावर कडीही चढते, आणि कडीचं, डाखाचं सोनं हलक्या कसाचं असतं. गळ्यात वापरलेली गिनी झिजतेही. घोड्याची मांडी सपाट झालेली दिसली तर वजन 7.9 पर्यंत उतरलेलं असू शकतं. दोन ठिकाणी वजन करा आणि टंच वेगळा लिहून मागा.

मोडून 24 कॅरेटची नाणी घेतलीत तर घट एकदा जाईल, नव्या नाण्यांची मजुरी आणि जीएसटी वर. सोनं वाढणार नाही, कमीच होईल. पैशांची नड नसेल तर मी तरी ती तशीच ठेवीन. एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या. शंभर वर्षांवरचं नाणं 1972 च्या कायद्याने पुराणवस्तू ठरतं. मुलगा परदेशी असेल तर त्याच्या सामानात ते घालून पाठवू नका.

प्रश्न : धनत्रयोदशीला नाण्याचं पाकीट फोडून पूजेत ठेवलं, हळदीकुंकू लागलं. आता भाव कमी येईल का? (रामबाग, इंदूर)

उत्तर : सोन्याला काही होत नाही. सील फुटल्याने काही पेढ्या तपासणी करून घेतील, क्वचित थोडी घट लावतील. कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून नाणं बुडवा आणि मऊ सुती कपड्याने नुसतं टिपा. चिंच, टूथपेस्ट, ब्रश यांतलं काही नको. चोख सोनं मऊ असतं, घासाल तर ओरखडे पडतील. फोडलेलं कार्ड फेकलं नसेल तर बिलासोबत ठेवा, त्यावरचा नंबर अजून कामाचा आहे. पुढच्या वर्षी पाकिटासकट पूजा करा.