कावळ्यांची पोटं भरलेली होती

प्रिय सई,

सर्वपित्रीला मी गॅलरीत वडे, खीर, भाताचं पान ठेवलं तेव्हा तू विचारलंस, "बाबा, तू तर देव मानत नाहीस. मग कावळ्याला जेवण कशाला? आणि मेलबर्नच्या कावळ्याला अण्णा आजोबा कसे कळणार?" दुसरा प्रश्न बिनतोड आहे. इथला कावळा तर तान्ह्या बाळासारखा रडतो, त्याला मराठी येत असेल असं मलाही वाटत नाही. पहिल्याचं उत्तर मात्र देतो, कारण ते मला नाशकानेच दिलं.

आपल्याकडे माणूस गेलं की दहाव्या दिवशी पिंडदान करतात. नाशकात ते गोदाघाटावर, रामकुंडापाशी. भाताचे पिंड मांडायचे, सगळ्यांनी मागे सरकायचं आणि कावळ्याची वाट बघायची. तो शिवला तर गेलेल्याची इच्छा उरली नाही असं समजतात. नाही शिवला की एकेक जण पुढे होतो, हात जोडतो आणि पिंडाकडे बघून मोठ्याने सांगतो, "काळजी करू नका, धाकटीचं लग्न आम्ही करून देऊ." "शेत विकणार नाही." आयुष्यभर वडिलांसमोर तोंड न उघडलेली माणसं तिथे चारचौघांत बोलतात. लहानपणी मला याचं हसू यायचं.

अण्णा गेले ते 2021च्या एप्रिलअखेर, दुसऱ्या लाटेत. त्या वर्षीची रामनवमी 21 एप्रिलला होती. एरवी त्या दिवशी काळारामाच्या आवारात पाय ठेवायला जागा नसते, पण तेव्हा देवळं बंद. आणि त्याच दिवशी महापालिकेच्या एका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून वीसहून अधिक रुग्ण गेले. अण्णा दुसरीकडे दाखल होते. पण त्या बातमीनंतर आजी फोनवर एवढंच विचारायची, "त्यांच्या नळीत येतोय ना रे?" आजीलाही कोरोना झाला होता, ती घरात बंद. अण्णांचं तोंड तिला बघायला मिळालं नाही. अंत्यविधीला वीसच माणसं चालत, तेवढीही जमली नाहीत. मी इथे अडकलेलो. परवानगीशिवाय ऑस्ट्रेलिया सोडता येत नव्हतं, आणि 27 एप्रिलपासून भारतातून येणारी विमानंही बंद झाली. गेलो असतो तर परत तुमच्यापाशी कधी पोचलो असतो, देव जाणे. (बघ, देव आलाच तोंडात.)

दहाव्याला धाकट्या काकाने घाटावरून व्हिडिओ कॉल लावला. मी एका दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडीत बसलो होतो. पिंड मांडून झाले. कावळे होते, अगदी कट्ट्यावर बसलेले, पण ढुंकून बघेनात. त्या दिवसांत घाटावर इतके पिंड मांडलेले असायचे की कावळ्यांची पोटं भरलेली होती. काका म्हणाला, "तुमची स्कूटर मोडीत काढणार नाही." काही नाही. मग त्याने फोन पिंडासमोर धरला. गुरुजी मास्कमधून म्हणाले, "थोरले चिरंजीव, बोला."

मी म्हणालो, "अण्णा, आईला रोज फोन करीन. तिला एकटं पडू देणार नाही." एवढंच. बातमी आल्यापासून मी पैसे पाठव, औषधांची बिलं बघ, यातच होतो, रडलो नव्हतो. ते वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून ओक्साबोक्शी रडलो. कावळा आला नाहीच. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. आजीला कळलं तेव्हा म्हणाली, "ते जेवायला कधी वेळेवर आले होते?"

तर सई, कावळ्यात अण्णा असतात का, मला माहीत नाही. पण मोठ्याने कबूल करायला लावणारी ती रीत मला मानवली. रोजचा फोन त्या दिवसापासूनचा.

आजीचं वेगळंच झालं. सुतक फिटलं तरी तिने देवघरात दिवा लावला नाही. रोज म्हणायची, त्याला दिसलं नाही का? मी काय बोलणार. 7 ऑक्टोबरला घटस्थापना होती आणि त्याच दिवशी राज्यातली देवळं उघडली. कोणी काही न सांगता तिने काकाकडून काळी माती मागवली, पत्रावळीवर पसरली, गहू पेरले, मधे घट बसवला आणि अखंड दिवा लावला. "अगं, यंदा सण नाहीत ना आपल्याला?" तर म्हणे, "कुलाचार मोडत नसतो. आणि दिव्यात रात्री तेल घालायला उठावंच लागतं. तशीही मला झोप कुठे लागते."

तिसऱ्या माळेला तिने फोन घटापाशी इतका जवळ धरला की पडद्यावर नुसते पिवळसर कोंब. "आलं बघ," म्हणाली. पाचव्या माळेला मी नेहमीच्या वेळी फोन केला, उचलेना. पुन्हा केला, नाही. घाबरून काकाला पिटाळलं.

झोपली होती.

तुझा,
बाबा